खिशातली चिल्लर वाचायची कशी? नाणी जमवण्याचा बिनखर्ची नाद

ज्यांना हा भाग एसटीत रेंज गेल्यामुळे अर्धवट ऐकायला मिळाला, त्यांच्यासाठी हा लेखी पाठ. बोलताना जे घाईत सुटलं, ते इथे थोडं सावकाश घेतलंय.

विषय सुचला तो मेसेजमुळे. "माझ्याकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे, दहा लाखाला जातंय म्हणे, कुठं विकू?" असं विचारणारे किती जण असतील, अंदाज करा. सोबत व्हिडिओ असतो. त्यात एक माणूस नोटांची बंडलं दाखवतो आणि खाली नंबर असतो. त्या नंबरवर फोन केला की आधी 'रजिस्ट्रेशन फी' मागतात, मग 'जीएसटी', मग 'रिझर्व्ह बँकेचं कमिशन'. लाख रुपये काही येत नाहीत, खात्यातले आठ-दहा हजार मात्र जातात. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ला याबद्दल जाहीर इशारा दिला होता. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, कसलंही कमिशन घेत नाही आणि तसं करायला तिने कोणाला नेमलेलंही नाही. पैसे गेलेच असतील तर लाजू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितकी आशा कमी.

हे आधी सांगितलं, कारण नाणी जमवायचा नाद खरंच भारी आहे आणि या लाखाच्या गोष्टींनी तो पार बदनाम केलाय.

आता आपल्या भागाचं बघा. सास्तूरसारख्या गावात 'आजोबांच्या पेटीत सापडलेली नाणी' ही गोष्ट फारशी ऐकू येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे पेट्या, फडताळं, देवघरं सगळीच ढिगाऱ्याखाली गेली. त्यामुळे इथल्या पोराने नाणी जमवायची म्हटली तर सुरुवात खिशातूनच होणार, आणि खरं सांगायचं तर तीच सगळ्यात चांगली सुरुवात आहे. चांदीची नाणी विकत घ्यायला पैसे लागतात, आणि फसवणारेही तिथेच जास्त. स्टील, तांबं-निकेल, पितळ यांची रोजच्या वापरातली नाणी मात्र दर्शनी किमतीलाच मिळतात. दोन रुपयांचं नाणं दोन रुपयांना. नाद सुटला तर चहा प्यायचा, तोटा शून्य.

पहिलं काम एकच. नाण्यावरचं साल शोधा आणि त्याच्या खाली काय आहे ते बघा. डोळ्यांना दिसलं नाही तर मोबाईलचा कॅमेरा झूम करा. सालाखाली शंकरपाळ्याच्या आकाराची छोटी चौकट असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं. ती टांकसाळ फोर्ट भागात, रिझर्व्ह बँकेच्या समोरच आहे. पाच टोकांचा तारा असेल तर हैदराबाद. नुसता गोल ठिपका असेल तर नोएडा. आणि काहीच नसेल तर कोलकाता. खूण पुसली गेली असं समजू नका, कोलकात्याची खूणच नाही. जुन्या नाण्यांवर हैदराबादच्या खुणा वेगळ्या दिसतात, चौकटीत ठिपका वगैरे, त्यामुळे चौकट दिसली की लगेच 'मुंबई' म्हणू नका, नीट झूम करा.

यातला तारा आपल्यासाठी खास आहे. धाराशिव जिल्हा १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या संस्थानाचं चलनच वेगळं होतं. त्याला 'हाली सिक्का' म्हणायचे, आणि इंग्रजी राज्यातल्या रुपयाला 'कलदार'. साधारण सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा हिशोब चालायचा. चांदीच्या रुपयाखाली तांब्या-काशाची पै, दोन पै, तांबं-निकेलचा आणा अशी हलक्या धातूची चिल्लर होती. संस्थान गेलं, पुढे १९५०च्या दशकात हाली टप्प्याटप्प्याने चलनातून गेलं. टांकसाळ मात्र राहिली. १९०३मध्ये सैफाबादला सुरू झालेली ती टांकसाळ १९९७मध्ये शहराबाहेर चेर्लापल्लीला गेली. आज पानटपरीवर सुट्टे म्हणून हातात पडलेला ताऱ्याचा रुपया त्याच घराण्यातला. गावातल्या एखाद्या आजींना 'हाली' आणि 'कलदार' हे शब्द विचारून बघा. मला तर वाटतं, उत्तर रेकॉर्डच करून ठेवा.

दुसरं हत्यार लोहचुंबक. जुन्या स्पीकरमधला चालतो. एक रुपयाची वेगवेगळ्या वर्षांची नाणी घ्या. १९७५चा रुपया तांबं-निकेलचा, ८ ग्रॅमचा, चुंबकाला चिकटत नाही. १९८३मध्ये तो ६ ग्रॅमवर आला, धातू तोच. १९९२मध्ये स्टेनलेस स्टील आलं, ४.८५ ग्रॅम, आणि हा चटकन चिकटतो. २०११चा ३.७९ ग्रॅमचा. त्याही आधी, इंग्रजांच्या काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा होता, म्हणजे बरोबर एक तोळा. महागाई म्हणजे काय हे पुस्तकात वाचायला नको, ही चार-पाच नाणी तळहातावर एका ओळीत ठेवली की कळतं.

पाच रुपयांचं तर वेगळंच. १९९२चं जाडजूड पाचाचं नाणं ९ ग्रॅमचं, त्यात तीन भाग तांबं आणि एक भाग निकेल. धातूचे भाव वाढले तसं नाण्यातल्या धातूचंच मोल पाच रुपयांच्या वर जाऊ लागलं, आणि ही नाणी वितळवून त्यांची दाढीची ब्लेडं करतात अशा बातम्या तेव्हा यायच्या. मग २००७च्या सुमाराला स्टीलचं पातळ नाणं आलं, आणि २००९पासून पिवळसर निकेल-पितळेचं. म्हणजे पाचाची तीन नाणी, तीन धातू, आणि चुंबक फक्त मधल्याला ओढतं. करून बघा, लहान पोरांना दाखवायला झकास खेळ आहे. (नाणं वितळवणं हा गुन्हा आहे, तो प्रयोग नको.)

दहाच्या नाण्यावर जरा थांबतो, कारण त्यावरून दुकानात भांडणं झालीत. 'दहा पट्ट्यांचं खरं, पंधरा पट्ट्यांचं खोटं', 'रुपयाचं चिन्ह नाही म्हणजे नकली', असं अजून ऐकू येतं. आता नाणं वाचून बघू. रुपयाचं ₹ हे चिन्हच २०१०मध्ये ठरलं आणि नाण्यांवर २०११पासून आलं. मग २००९च्या नाण्यावर ते असेल कसं? पंधरा पट्ट्यांची नाणी आधीची, दहा पट्ट्यांची नंतरची, एवढाच फरक. रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ला स्पष्ट केलं की तोपर्यंत दहाची १४ प्रकारची नाणी निघाली होती आणि सगळी चलनात वैध आहेत. दुकानदार ऐकत नसेल तर १४४४० वर मिस्ड कॉल द्या, हीच माहिती ऐकवणारा फोन उलट येतो, तो त्याच्या कानाला लावा. एक मात्र ध्यानात ठेवा. २०११च्या नाणे कायद्याप्रमाणे एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंतच नाण्यांत देता येतात, आणि पन्नास पैशांची नाणी फक्त दहा रुपयांपर्यंत. तेव्हा मोबाईलच्या शोरूममध्ये गोणी घेऊन जायची कल्पना सोडा. हो, आठ आणे अजून वैध आहेत. चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११पासून बंद झाली.

संग्रहाला विषय काय घ्यायचा? सगळंच जमवायला गेलात तर महिन्याभरात कंटाळाल. मला स्वतःला आवडणारा विषय म्हणजे महाराष्ट्राशी नातं असलेली स्मारक नाणी, जी रोजच्या चलनात फिरली. डॉ. आंबेडकरांचा १९९०चा एक रुपया, त्यांच्या जन्मशताब्दीचा. शिवाजी महाराजांचं १९९९चं दोन रुपयांचं, अकरा बाजूंचं. त्याच वर्षीचा संत ज्ञानेश्वरांचा रुपया. संत तुकारामांचा २००२चा रुपया. लोकमान्य टिळकांचं २००७ साल असलेलं पाचाचं. पुन्हा आंबेडकरांचं, २०१५चं दहाचं. सहा नाणी, दर्शनी किंमत सगळी मिळून वीस रुपये. हातात येतील तशी घ्या, घाईने चढ्या भावात घेऊ नका, ही काही दुर्मिळ नाणी नाहीत. तुकारामांचा रुपया देवळाच्या दानपेटीच्या चिल्लरीत मिळाला तर त्याची मजा वेगळीच.

दुसरा सोपा विषय म्हणजे एकच साल घेऊन चारही टांकसाळी जुळवायच्या. तुमच्या जन्मसालाचा रुपया घ्या. वाटतं तितकं सोपं नाही, कारण प्रत्येक टांकसाळ दरवर्षी प्रत्येक नाणं पाडतेच असं नाही. त्यात कधी पाहुणा सापडतो. १९८५च्या रुपयांत इंग्रजी एच अक्षराचे रुपये आहेत, ते इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला पाडून आणलेले. आपल्या टांकसाळी कमी पडत होत्या म्हणून ते काम बाहेर दिलं होतं.

चिल्लर कुठून आणायची, हा आता खरा प्रश्न झालाय. टपरीवरसुद्धा स्कॅनर आला, खिसे रिकामे. किराणा दुकानदार, पिठाची गिरणी, देवस्थानं, कंडक्टर, आणि बँकेचं काउंटर, एवढे ठिकाणे अजून शिल्लक आहेत. दोन-तीनशे रुपयांचे सुट्टे घ्या, निवडा, उरलेले परत चालवा.

आणि कृपा करून नाणी घासू नका. चिंच नाही, राख नाही, पितांबरी तर अजिबात नाही. चमकवलेलं नाणं जाणकाराच्या लेखी खराब झालेलं असतं, वरचा मूळ थर एकदा गेला की परत येत नाही. मळ असेल तर साध्या पाण्यात धुवा, मऊ कापडाने टिपा, पूर्ण वाळू द्या. मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पिशव्यांत वर्षानुवर्षं ठेवली तर नाण्यावर हिरवट चिकट थर येतो, म्हणून कागदी पाकिटं बरी. पाकिटावर साल, टांकसाळ, कुठे मिळालं आणि कोणत्या तारखेला, एवढं लिहून ठेवा.

सास्तूर, लोहारा, उमरगा, औसा या पट्ट्यातल्यांना एक काम. घरातली, दुकानातली कुठलीही शंभर नाणी घ्या, न निवडता. त्यात तारे किती, शंकरपाळी किती, ठिपके किती, बिनखुणेची किती, हे मोजून आकडे व्हॉइस मेसेजने पाठवा. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांनीही पाठवा. पुढच्या भागात दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून बघू, आपल्याकडे ताऱ्यांचं पारडं जड निघतं का ते.