खुर्द्यातला चीन

चिनी प्रजासत्ताकाच्या सुरुवातीच्या काळातली नाणी जमवणाऱ्यांची नजर आधी चांदीच्या डॉलरवर जाते. एडुआर्ड कान यांच्या १९५४च्या गाजलेल्या सूचीत सोने, चांदी, निकेल, ॲल्युमिनियम आहे, तांबे नाही. त्या काळाची खरी साक्ष मात्र या वगळलेल्या खुर्द्यातच आहे, असे माझे मत आहे. राष्ट्राध्यक्ष युआन शिकाईच्या मुखवट्याचा डॉलर १९१४ पासून अनेक टाकसाळींत पडला, तरी त्याचे वजन आणि कस सांभाळावा लागला, कारण हलक्या चांदीवर सराफ लगेच बट्टा लावत. तांब्याला तो धाक कमी. दर्शनी किंमत धातूपेक्षा जास्त, म्हणून टाकसाळ ज्याच्या ताब्यात त्याची चंगळ. सिचुआनच्या लष्करी सरकारने १९१२ मध्ये काढलेल्या नाण्यांवर मधोमध जुन्या वळणाचे ‘हान’ अक्षर आहे. पुढच्याच वर्षी तिथे दोनशे वेनचे (वेन हे तांब्याच्या नाण्यांचे लहान एकक) नाणे आले. ते हाताला चांगले जड लागते, पण दहाच्या नाण्याच्या वीसपट सोडाच, पाचपटही तांबे त्यात नाही. अशाच नफ्यावर प्रांतोप्रांतीची सैन्ये पोसली गेली. हूनानची दोन नाणी तर शेजारी ठेवूनच पाहावीत. एकावर युआनने स्वतः बादशहा बनून सुरू केलेल्या ‘होंगश्यान’ राजवटीचे पहिले वर्ष आहे. ती बादशाही १९१६च्या मार्चमध्येच गुंडाळली गेली. दुसरे, १ जानेवारी १९२२ या तारखेचे, प्रांताने स्वतःची राज्यघटना केल्याचे स्मारक आहे. सहा वर्षांत केंद्राची पकड किती सुटली, हे याहून थोडक्यात कुठे दिसणार?

यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: दोन ध्वजांची फुली असलेल्या दहा वेनच्या असंख्य नाण्यांवर ना साल, ना टाकसाळीचे नाव, मग ती साक्ष कसली देणार? सुटे नाणे काहीच सांगत नाही, हे खरे. पण ठशांतले बारीक फरक आणि वजने जुळवत गेले की नाण्यांचे गट पडू लागतात. ट्रेसी वुडवर्ड यांनी १९३०च्या दशकात दहा वेनच्या नाण्यांचे वर्गीकरण केले ते असेच बारकावे टिपून. बनावट नाण्यांचा प्रश्नही मोठा आहे. मात्र त्याच काळातले खोटे नाणे हाही पुरावाच आहे: नफा किती होता, ते त्यातून कळते. अलीकडची नक्कल बाद करायलाही वजनकाटा आणि नाण्याची कड आधी पाहावी, देखणेपणा नव्हे.

१९३५च्या नोव्हेंबरात सरकारने चांदीचे चलन सोडले आणि १९३६ पासून देशभरासाठी एकाच नमुन्याचे तांब्याचे सेंट आले. त्यामुळे प्रांतिक तांब्याचा काळ कुठे थांबवायचा, हे संग्राहकाला ठाऊक असते. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी झिजलेली नाणी नाकारू नयेत, ती घासून चकचकीत तर मुळीच करू नयेत, आणि प्रत्येकाचे वजन वहीत लिहून ठेवावे.