साबुदाण्याची चकली आणि बटाट्याची जर्मन शेवई

एप्रिल-मे महिन्यांत छत्रपती संभाजीनगरच्या गच्च्यांवर साबुदाणा-बटाट्याच्या चकल्या वाळत घातलेल्या दिसतात. जर्मनीच्या नैर्ऋत्येला, श्वाबिया भागात, बटाट्याच्याच बोटाएवढ्या शेवया करतात. त्यांचे नाव ‘शुप्फनूडल्न’. उकडलेला बटाटा कुस्करून त्यात मैदा आणि अंडे मळायचे, गोळी तळहातांत वळून दोन्ही टोके निमुळती करायची (आपल्या गव्हल्यांची थोरली बहीणच!), मग ती उकळत्या पाण्यात शिजवून लोण्यावर परतायची.

अडचण दोन्हीकडे एकच. कणीक मळताना गव्हातील ग्लुटेन या प्रथिनाचे जाळे बनते, म्हणून शेवई न तुटता लांबते. बटाट्यात ग्लुटेन नाही. जर्मन घरांत मैदा व अंडे ही उणीव भरून काढतात. आपली चकली उपासाची, तेथे गहू चालत नाही. म्हणून आपण साबुदाणा घेतो. त्यातील स्टार्च शिजताना पाणी शोषून फुगतो, चिकट होतो आणि बटाट्याला धरून ठेवतो. गंमत अशी, की उपासाला चालणारे बटाटा आणि साबुदाण्याचा कसावा हे दोघेही मूळचे दक्षिण अमेरिकेतले!

आता हिशेब करून पाहू. अर्धा किलो बटाट्यात सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात. त्यात १५० ग्रॅम मैदा आणि एक अंडे घातले, तर बेरीज ३० ग्रॅमच्या आसपास जाते. त्याऐवजी अर्धा किलो साबुदाणा घातला, तर ती जेमतेम ११-१२ ग्रॅम होते. कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. बटाट्यातील ‘क’ जीवनसत्त्वही उकडण्यात आणि उन्हात बरेचसे जाते. तळताना तेल तेवढे वाढते.

तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे ४३ ग्रॅम प्रथिने लागतात. चतुर्थीला नुसत्या चकल्या खाऊन वर्गात आलेल्या मुलीचे पोट भरलेले असते, पण या गरजेचा फारच थोडा भाग भागलेला असतो. शेंगदाणे मात्र उपासाला चालतात, आणि त्यांत १०० ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात.

हा फरक वर्गात दाखवता येतो. एका परीक्षानळीत साबुदाण्याची पातळ पेज, दुसरीत दाण्याचे कूट कालवलेले पाणी घ्यावे. दोन्हींत कॉस्टिक सोड्याचे द्रावण (ते शिक्षकांनीच हाताळावे) आणि मोरचुदाच्या द्रावणाचे दोन थेंब घालून हलवावे. दाण्याच्या नळीत हळूहळू जांभळा रंग येतो. साबुदाण्याची निळीच राहते.