खिडकीतून पाहिलेले पाणी

आवणी आटोपली की आमच्या शहापूर-मुरबाडकडच्या शेतकऱ्याला चार दिवस उसंत मिळते. श्रावणात कुणी देवाला निघतो, कुणी लेकीला माहेरी आणायला. गेल्या श्रावणात आम्ही उभयता शेगावच्या दर्शनाला निघालो आणि कल्याणला सकाळची गाडी धरली. समोरच्या बाकावर मुरबाड तालुक्यातले एक शेतकरी जोडपे होते. मुरबाडला रेल्वे नाही, तेव्हा ते पहाटेच्या एस.टी.ने कल्याणला आले होते. वहिनींचा घाटापलीकडचा हा पहिलाच प्रवास, म्हणून खिडकीची जागा त्यांना दिली.

टिटवाळ्याजवळ काळू नदी दिसली. दोन्ही थड्या भरून गढूळ पाणी चालले होते. "अगोबाई, ही तर आपलीच की!" वहिनी म्हणाल्या. काळू त्यांच्याच तालुक्यात सह्याद्रीवरून उतरते. पुढे भातसा लागली. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी मागे पडली. दोन्ही अंगांना हिरवीगार खाचरे आणि त्यांत इरली पांघरून वाकलेल्या बाया.

कसाऱ्याला गाडी थांबली. इथून थळ घाट सुरू होतो. ३७ फूट पुढे गेले की १ फूट वर, असा हा चढ. म्हणून बहुतेक गाड्यांना इथे मागून जादा इंजिने लावतात. १८६५ साली या घाटातून रेल्वे सुरू झाली. बोगदा आला की डब्यात काळोख आणि पोरांचा कल्ला, बोगदा सरला की डोळ्यांपुढे दरी. ढग खाली, गाडी वर. कड्याकड्यावरून पांढरे धबधबे उड्या घेत होते. सगळा डबा खिडक्यांकडे लोटला.

वहिनी मात्र गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "साहेब, एवढं पाणी! आणि चैतात आम्ही हंडाभर पाण्यासाठी टेकडी उतरतो."

मी खिशातून कागद काढला आणि हिशेब मांडला. एक एकरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ४,००० लिटर पाणी होते. आपल्याकडे वर्षाला साधारण २,५०० मिलिमीटर पाऊस होतो. म्हणजे एकरी १ कोटी लिटर! भाऊंनी तो कागद दोनदा वाचला. आपल्या जमिनीला उतार आहे, खाली मुरूम आणि कातळ आहे. पाणी ठरत नाही. काळू, भातसा उल्हासला मिळतात आणि उल्हास खाडीला. जाताना बांध फोडून माती नेतात ती वेगळीच. जे मोठ्या धरणांत अडते त्यातले पुष्कळसे मुंबईला जाते. तानसाचे पाणी १८९२ पासून जाते आहे, पुढे भातसाचेही जाऊ लागले.

इगतपुरी आली आणि पाण्याची दिशा पालटली. घाटमाथ्याच्या अलीकडे पडलेला थेंब अरबी समुद्राला जातो, पलीकडचा दारणेतून गोदावरीला आणि तिच्याबरोबर पूर्वेच्या समुद्राला. दारणेवर १९१६ साली धरण झाले. तेच पाणी नांदूरमधमेश्वरला अडवून कालव्यांनी पुढच्या कोरड्या मुलखात नेले आहे. नाशिक गेल्यावर पाऊस उघडला. निफाड, लासलगाव आले. काळी जमीन, द्राक्षांचे मांडव, कांद्याच्या चाळी. इथे पाऊस आपल्या चौथ्या हिश्श्याइतकाच.

"मग यांना जमतं ते आपल्याला का नाही?" भाऊंनी विचारले.

काळी जमीन ओल धरून ठेवते, कालवे आहेत, विहिरी आहेत, हे खरेच. पण त्यांनी पाण्याची किंमत आपल्या आधी ओळखली, हेही तितकेच खरे. आणि मी स्वतः? इतकी वर्षे गावोगाव बियाणे आणि खत सांगत फिरलो, पाण्याचा हिशेब मात्र त्या गाडीत पहिल्यांदा मांडला. हे त्यांच्यापाशी कबूल केले.

वाचक बंधुभगिनींनो, कालवा आपल्या हातात नाही, पण ओढा आहे. पाऊस ओसरला आणि ओढ्याची धार बारीक झाली की सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती-वाळूने भरून, तोंडे शिवून, सांधेमोड करून आडव्या रचा. हाच वनराई बंधारा. पाण्याला वरून वाट ठेवायला विसरू नका. जागा निवडताना सहायक कृषी अधिकाऱ्याला बोलवा. दहा-वीस घरांनी मिळून केले तर हे थोड्या दिवसांचे काम आहे. त्याने चैत्र-वैशाखाची तहान पुरी भागेल असे मी म्हणणार नाही. पण धार लवकर आटत नाही, जवळच्या विहिरीला आधार मिळतो, भातानंतरच्या वालाला आणि घरच्या भाजीला चार पाणी मिळतात. खाचरांचे बांध मात्र आधीच नीट करा आणि त्यांवर गिरीपुष्प लावा. माती धरली जाईल, पाला भाताच्या चिखलणीला कामी येईल.

दिवाळी झाली की आपल्याकडची कित्येक कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन वीटभट्टीवर जातात. त्यातले एखादे जरी त्या ओढ्याच्या पाण्यावर घरी राहिले, तरी त्या घरच्या पोरांची शाळा बुडत नाही.

शेगावला उतरताना भाऊंनी तो हिशेबाचा कागद मागून घेतला. घडी घालून वहिनींच्या हाती दिला. त्यांनी तो प्रसादासाठी आणलेल्या कोऱ्या पिशवीत जपून ठेवला.