रडत नाही म्हणजे सावरली असं नव्हे

रायगड जिल्ह्याला पावसाळ्याची धास्ती नवी नाही. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीचं पाणी नागोठण्यात शिरलं. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. घरादाराचे पंचनामे तलाठी करतो. वाचलेल्या माणसाच्या मनाचा निवाडा मात्र आजूबाजूचेच करून टाकतात.

‘धीराची हो, डोळ्यातून टिपूस नाही काढलं!’ हा त्यातला सगळ्यात घातक निवाडा. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा तणावविकार, म्हटलं की दचकणं, ओरडत उठणं एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण काहींचं मन उलट वागतं. पळताही येत नाही आणि लढताही येत नाही, अशा वेळी जादा भाराने एमसीबी पडावा तसं ते भावनाच बंद करतं. याला डिसोसिएशन म्हणतात. ‘हे हात माझे नाहीत’, ‘सगळं काचेपलीकडे चाललंय’ असं माणूस सांगतो. १६ देशांतल्या एका मोठ्या सर्वेक्षणात पीटीएसडी असलेल्या सातांपैकी साधारण एकात ही लक्षणं आढळली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये या विकाराचा तसा उपप्रकारच नोंदवला.

मग ‘वेड लागलं’ म्हणायचं का? नाही. काचेपलीकडे ‘वाटतंय’, पण तसं ‘नाहीये’, हे त्याला बहुधा कळत असतं. सिनेमातल्यासारखी एका अंगात दोन माणसंही नसतात. तो विकार वेगळा.

‘बाहेरचं लागलंय’ हा संशय आपल्याकडे हमखास येतो. भाकरी थापताना पत्र्यावर सर आदळते, बाई थबकते, नजर स्थिर होते, तव्यावरची भाकरी करपते. हाक मारली तर ओ नाही. आणि नंतर मधला वेळ आठवत नाही. लगेच कुणी कांदा नाहीतर चप्पल हुंगवतं, कुणी लिंबू उतरवतं. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं किंवा साखळीने बांधणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. खरी शंका घ्यायचीच तर फिट्सची घ्यावी आणि डॉक्टरांकडून ती दूर करून घ्यावी.

‘भरपाईसाठी सोंग’ या आरोपाबद्दल एवढंच सांगतो: प्रयोगांत आघाताची आठवण करून दिल्यावर अशा रुग्णांपैकी काहींच्या हृदयाचे ठोके वाढतच नाहीत, मेंदूतला भावना आवरणारा भाग मात्र जोरात काम करताना दिसतो. हे ठरवून करता येत नाही.

माणूस असा थबकून सुन्न झाला, तर त्याला गदागदा हलवू नये. समोर बसून नावाने हाक मारावी, आज वार कोणता, आपण कुठे आहोत ते सांगावं, पाय जमिनीला टेकवायला आणि गार पाण्याचा तांब्या हातात धरायला सांगावं. ‘काय झालं ते सगळं सांग’ असा लकडा नको. ती आठवण बेताबेताने उघडणं हे प्रशिक्षित माणसाचं काम. आघातावरच्या मानसोपचारांचा उपयोग सुन्न होणाऱ्यांनाही होतो. महिना उलटूनही हे चालूच असेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांना दाखवावं. अलिबागची फेरी लगेच जमत नसेल तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं, आणि घरच्यांनी फोन केला तरी चालतो.