कॅसेटवरचे प्रा. बारटक्के

अहमदनगर कॉलेजात इंग्रजी शिकवणारा एक मास्तर पुढे मराठी रंगभूमीवरचा सर्वांत गाजलेला प्राध्यापक झाला. मधुकर तोरडमल, नाट्यवर्तुळातले मामा. जन्म सोलापूरचा, १९३२चा. डॉ. भा. पां. हिवाळे यांनी १९४७मध्ये काढलेल्या या कॉलेजात नोकरी करता करता ते राज्य नाट्य स्पर्धेत उतरले, मग नोकरी सोडून मुंबईला गेले. ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’ त्यांनीच लिहिलं आणि त्यातले प्रा. बारटक्केही त्यांनीच रंगवले. प्रयोग पाच हजारांच्या वर गेले.

हे नाटक पाहण्याइतकंच ऐकण्याचंही आहे. बारटक्क्यांना ऐन वेळी शब्द सुचत नाही, मग ते त्या जागी ‘ह’च्या बाराखडीतलं एखादं अक्षर ठेवून देतात. वाक्य पुढे जातं, मोकळी जागा प्रेक्षक भरतो, आणि तो ती बहुधा चावटपणानेच भरतो. लेखक नामानिराळा! नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाने तरी कात्री लावायची कशाला, ‘ह’ला? छापील संहितेत हे अक्षर मुकं पडतं. ते ओढायचं किती, तोडायचं कुठे, त्याआधी घुटमळायचं किती, हे सगळं तोरडमलांच्या आवाजात होतं. म्हणून या नाटकाचं ध्वनिमुद्रण म्हणजे चित्रफितीची गरीब बहीण नव्हे. चित्र नसलं की कानाला दुसरं काम उरत नाही आणि ‘ह’ थेट येऊन आदळतो.

नाटकांच्या कॅसेट एकेकाळी घरोघरी होत्या. जेवणानंतर टेपरेकॉर्डर मध्ये ठेवायचा आणि ज्यांना संवाद पाठ त्यांनीच आधी हसायचं. कॅसेटची फीत जेमतेम चार मिलिमीटर रुंद. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची तर अधिकच पातळ. ती वर्षानुवर्षं गुंडाळून पडली की एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटतं. मग खऱ्या आवाजाच्या आधी किंवा मागून त्याचीच पुसट सावली ऐकू येते. नाट्यगृहात भरलेल्या फितीत विनोद व्हायच्या आत हशाची चाहूल लागते, ती यामुळेच. हा दोषच, पण ऐकताना मौज वाटते. बुरशी आणि हेडपाशी फीत दाबून धरणारी निखळलेली गादी, यांत मात्र मौज काहीच नाही.

तोरडमल २ जुलै २०१७ रोजी गेले. त्यांनी ‘काळे बेट लाल बत्ती’, ‘झुंज’ अशी गंभीर नाटकंही लिहिली, पण लोकांनी त्यांना बारटक्के करून टाकलं. हा थोडा अन्यायच. नगरने मात्र त्यांच्यावर हक्क सांगायला हरकत नाही. नगरचेच नट सदाशिव अमरापूरकर यांच्यावर सांगतं तसाच.

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, हौशी नाट्यमंडळं आणि स्पर्धांमधून झिजलेली माणसं खूप आहेत. त्यांच्या माळ्यावर जुन्या प्रयोगांच्या फिती नक्की असतील. सापडल्या तर लगेच टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका, जाणकाराकडून आधी साफ करून घ्या. संगणकावर उतरवताना हशा, खोकला, खुर्च्यांचे आवाज पुसायला लावू नका. आणि कव्हरवर प्रयोगाची तारीख, गाव, नटांची नावं लिहा. तेवढं ठाऊक असणारी माणसं अजून आहेत, तोवरच.