दत्तक : वंशासाठीं कीं मुलासाठीं?



कुपवाडांतल्या एखाद्या घराचें चित्र डोळ्यांपुढें आणूं. नवरा औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत पाळीवर जातो, बायको घरीं शिवणकाम करिते. लग्नाला दहा वर्षें झालीं. मिरजेच्या डॉक्टरांकडे खेपा झाल्या, नवस झाले, साठविलेला पैसा औषधोपचारांत गेला. कोणाच्या डोहाळजेवणाला गेलें, तर ओटी भरतांना आपल्याला मागें ठेवितात, हें ध्यानांत आल्यापासून त्या बाईनें जाणेंच सोडलें आहे. एके रात्रीं ती नवऱ्याला म्हणते, “अहो, आपण एखादें मूल दत्तक घेतलें तर?” आणि पलीकडच्या खोलींतून सासूबाईंचा आवाज येतो, “घ्यायचाच तर धाकट्याचा मुलगा घ्या. परक्याचें रक्त घरांत कशाला?”

सासूबाईंच्या या एका वाक्यांत आपल्या समाजाचा शेंकडों वर्षांचा इतिहास सांठलेला आहे. दत्तकाचा विचार आपल्याकडे झाला तो वंश चालावा, पिंडदान व्हावें आणि वतन घरांत राहावें, या दृष्टीनें. म्हणून मुलगाच घ्यावयाचा, आणि तो होतां होईल तों भाऊबंदांतला. राजघराण्यांत तर हा राज्याच्याच जीवनमरणाचा प्रश्न होई. सातारचे छत्रपति शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांनीं १८४८ सालीं मृत्यूपूर्वीं दत्तक घेतला. गव्हर्नर जनरल डलहौसी यानें तो नामंजूर केला आणि राज्य खालसा झालें. पुढें धोरण बदललें. सांगलीचे तात्यासाहेब पटवर्धन १९०१ सालीं निपुत्रिक वारले, तेव्हां सांगलीचें संस्थान बुडालें नाहीं. दत्तक आलेले चिंतामणराव आप्पासाहेब १९०३ सालीं गादीवर आले. या दोन्ही कथांत राज्य आहे, गादी आहे, नांव आहे. मूल मात्र या सर्वांचें साधन आहे.

परंतु याच मुलखाशीं नातें असलेली एक तिसरी कथा आहे. जोतीराव फुले यांचें मूळ गांव कटगुण, सावित्रीबाईंचें माहेर नायगांव. दोन्ही सातारच्या मुलखांतलीं. त्यांना मूल झालें नाहीं. दुसरें लग्न करण्याचा आग्रह झाला असतां जोतीरावांनीं तो मानला नाहीं, असें चरित्रकार सांगतात. पुण्यांत त्यांनीं १८६३ सालीं बालहत्या-प्रतिबंधक गृह काढलें. फसविल्या गेलेल्या विधवांनीं तेथें येऊन निर्भयपणें बाळंत व्हावें, हा त्याचा हेतु. १८७४ सालीं तशाच एका ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा या दांपत्यानें पदरांत घेतला. तोच यशवंत. जोतीरावांनीं १८८७ सालीं मृत्युपत्र करून त्याला वारस नेमलें. तो पुढें डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगांत मायलेकांनीं मिळून रोग्यांची शुश्रूषा केली. त्याच कामांत सावित्रीबाईंचा अंत झाला. येथें जात पाहिली नाहीं, गोत्र पाहिलें नाहीं. एका मुलाला घर हवें होतें आणि एका घराला मूल हवें होतें, एवढेंच पाहिलें.

आजचा कायदा याच दिशेनें चालत आला आहे. १९५६ च्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्यानें मुलगीही दत्तक घेण्याचा मार्ग मोकळा केला. दत्तहोम आवश्यक नाहीं, प्रत्यक्ष देणें-घेणें आवश्यक, असें ठरविलें. दिराचें मूल घ्यावयाचें असल्यास याच कायद्यानें घ्यावें आणि दत्तकपत्राची नोंदणी करून ठेवावी. अनाथ, सोडून दिलेल्या किंवा पालकांनीं स्वाधीन केलेल्या मुलांसाठीं २०१५ चा बालन्याय कायदा आहे. त्याखालीं कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस दत्तक घेतां येतें. बाल कल्याण समितीनें मूल दत्तकासाठीं मोकळें असल्याचें जाहीर करावें लागतें. मूल स्वाधीन करणाऱ्या आईबापांना फेरविचारासाठीं दोन महिने मिळतात. हा त्यांच्याही दुःखाचा मान आहे.

इच्छुक दांपत्यानें केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या, संकेतस्थळावर नांव नोंदवावयाचें. लग्नाला निदान दोन वर्षें झालेलीं असावीं. दोन वर्षांच्या आंतील मूल हवें असल्यास नवराबायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या वर नसावी. म्हणून उपचारांत वर्षें घालवितांना हाही हिशेब मनांत असावा. समाजसेवक घरीं येऊन चौकशी करितात. त्यांना बंगला पाहावयाचा नसतो, घरांतलें मन पाहावयाचें असतें. नोंदणी करणारीं घरें पुष्कळ आणि मोकळीं मुलें थोडीं, म्हणून कांहीं वर्षें वाट पाहावी लागते. मूल घरीं आल्यावरही दोन वर्षें विचारपूस चालते. या वाटेला कंटाळून कोणा दवाखान्यांतून किंवा मध्यस्थाकडून परस्पर मूल आणूं नये. तो गुन्हा आहे. मुलाच्या खरेदीविक्रीला पांच वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा आहे. आणि असें आणलेलें मूल कोणत्या आईच्या कुशींतून ओढून आणलें, हें आपल्याला कधींच कळणार नाहीं.

आतां मनाविषयीं दोन शब्द. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या अहवालाप्रमाणें जगांत सुमारें सहा प्रौढांपैकीं एकाला आयुष्यांत केव्हां ना केव्हां वंध्यत्वाला तोंड द्यावें लागतें. कारण पुरुषाच्या ठिकाणींही असूं शकतें. बोल मात्र बाईला लागतो. म्हणून तपासणी दोघांचीही व्हावी. आणि पोटचें मूल होणार नाहीं हें कळल्यावर जें दुःख होतें, तें दोघांनीं मिळून आधीं पुरतें सोसावें. “दत्तक घेतलें कीं पोटचें होतें” अशी एक समजूत आहे. नवसासारखें मूल आणणें हा त्या मुलावर अन्याय आहे. न झालेल्या बाळाची जागा भरावयास तें येत नाहीं. तें आपली स्वतःची जागा घेऊन येतें.

त्याला त्याच्या जन्माची हकीकत लहानपणापासूनच, गोष्टीसारखी, सांगत जावी. शेजाऱ्याच्या तोंडून भांडणांत कळलेलें सत्य जखम करितें. आईच्या मांडीवर ऐकलेलें सत्य अंगवळणीं पडतें.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. त्यांना सुनेनें नम्रपणें एवढेंच विचारावें : “आई, तुम्हीही या घरांत परक्या घरून आलांत. आज या घराचें सारें तुमच्यावांचून अडतें. तें रक्तानें झालें, कीं एवढीं वर्षें तुम्ही सर्वांना जेवूं घातलेंत, आजारपणांत उशाशीं बसलांत, त्यानें झालें?” उत्तर त्यांनाच देऊं द्यावें. माझी अशी समजूत आहे कीं त्या क्षणभर गप्प राहतील, आणि मग विचारतील, “कागदपत्रांना काय काय लागतें?”