वजनकाटा, मीठ आणि लघवीची गोळी

हृदय कमजोर झालेल्या वडीलधाऱ्या माणसाला दवाखान्यातून घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर तीन सूचना बहुधा असतात: रोज वजन करा, मीठ कमी करा, गोळ्या वेळेवर घ्या. घरचे गोळ्यांचं मनावर घेतात, मिठाचं अर्धंमुर्धं पाळतात आणि वजनाचं विसरून जातात. पेशंट बारीक झाला की जाड, याची आत्ता कोणाला पडलीय? पण हार्ट फेल्युअरच्या पेशंटवर घरी लक्ष ठेवायला वजनाइतकं सोपं आणि खात्रीचं साधन दुसरं नाही.

या आजारात हृदय थांबलेलं नसतं. ते चालू असतं, पण शरीराच्या गरजेइतकं रक्त पुढे ढकलण्यात कमी पडतं. मूत्रपिंडांकडे येणारं रक्त घटलं की ती शरीरात पाणी कमी पडल्यासारखी वागू लागतात आणि मीठ व पाणी धरून ठेवतात. हे जादा पाणी रक्तवाहिन्यांतून झिरपून पायांत, पोटात आणि फुप्फुसांत उतरतं. मध्यरात्री दम लागून पेशंट उठून बसला की ‘अचानक झालं’ असं सगळे म्हणतात. पुष्कळदा ते पाणी कित्येक दिवस साठत आलेलं असतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. त्यामुळे डोळ्यांना सूज दिसण्याआधीच काट्यावर फरक दिसू शकतो.

वजन सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी करावं. काटा तोच, कपडे साधारण तेवढेच, आणि काटा सतरंजीवर नको, सपाट फरशीवर हवा. तोल जात असेल तर जवळ कोणीतरी उभं राहावं, मात्र आकडा वाचताना पेशंटने भिंतीला किंवा कोणाच्या खांद्याला टेकू नये. आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये त्या दिवसाच्या चौकोनात लिहून टाकावा. वही हरवते, कॅलेंडर हरवत नाही. शिवाय एकादशी, सणवार, लग्नकार्य तिथेच नोंदलेलं असल्याने वजन कशानंतर चढलं तेही कळतं. समजा, रोज ५८ किलोच्या आसपास असणारं वजन रविवारच्या लग्नानंतर सोमवारी ५८.९ आणि मंगळवारी ५९.८ झालं. दोन दिवसांत अंगावर एवढी चरबी चढत नाही, ते पाणी आहे.

सूज पूर्ण उतरल्यावरचं वजन किती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं, पुढची तुलना त्याच्याशी करायची असते. एका दिवसात एक-दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलोहून जास्त वाढ दिसली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करावा. तुमच्या पेशंटसाठी डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरावा. उलटी-जुलाब होऊन वजन झपाट्याने उतरलं, उठताना चक्कर येऊ लागली, तरीही फोन करायचाच, कारण अशा वेळी काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. त्या कोणत्या, हे डॉक्टरांनीच सांगायचं.

काट्याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी बघाव्यात. पहिली, पाय: नडगीवर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून उचलला आणि खळगा तसाच राहिला तर सूज आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सूज पायांऐवजी कंबरेखाली, माकडहाडापाशी उतरते, तिथे बघावं. दुसरी, उशा: एका उशीवर झोपणारा माणूस दोन-तीन उशा मागू लागला किंवा आडवं होताच खोकू लागला तर फुप्फुसात पाणी चढत असू शकतं. तिसरी, भूक: चार घासांत पोट भरल्यासारखं वाटणं हेही पोटातल्या सुजेने होतं. हे सगळं ‘वय झालं आता’ या एका वाक्यात खपून जातं, म्हणून मुद्दाम बघायचं.

आता मीठ. मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सगळं मिळून जेमतेम एक छोटा चमचा. आमटी अळणी केली तरी ताटातला पापड, लोणचं, सांडगे, खारवलेले बोंबील, चहाबरोबरचं फरसाण, ब्रेड आणि बिस्किटं यांतून मीठ जातच राहतं. पापडखार आणि खायचा सोडा यांतही सोडियमच असतं. सैंधव घेतलं म्हणजे सुटका होत नाही, तेही मीठच. बाजारातल्या ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम घातलेलं असतं आणि हृदयाच्या काही गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम आधीच वाढलेलं असू शकतं, म्हणून ते विचारल्याशिवाय आणू नये. एकट्यासाठी वेगळी भाजी शिजवण्यापेक्षा सगळ्यांचीच कमी मिठाची करावी आणि ज्याला हवं त्याने वरून घ्यावं. आमसूल, लिंबू, लसूण, मिरपूड यांनी चव सावरते. भाकरीला तर मीठ लागतच नाही.

पाण्याचं बंधन प्रत्येकाला नसतं. डॉक्टरांनी दिलं असेल तर दिवसाचं पाणी सकाळीच बाटलीत मोजून भरावं आणि चहा, ताक, आमटी त्यातून वजा करावी.

लघवीची गोळी सहसा सकाळी देतात. दुसरी असेल तर दुपारपर्यंत संपवतात, नाहीतर रात्रभर उठबस होते आणि अंधारात पडण्याची भीती असते. बाहेर जायचं म्हणून पुष्कळ वृद्ध ती गोळी गुपचूप टाळतात. त्यापेक्षा त्या दिवशी वेळ पुढेमागे केली तर चालेल का, हे आधी विचारून ठेवावं. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, त्या टाळाव्यात. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या आणि ॲसिडिटीची पूड यांतही पुष्कळदा सोडियम असतं.

आडवं होताच येत नाही, ओठ निळसर पडलेत, गुलाबी फेसाळ थुंकी येते, छातीत दुखतं किंवा शुद्ध हरपतेय, यातलं काहीही दिसलं तर काटा, फोनाफोनी काही करत बसू नये. पेशंट शुद्धीवर असेल तर पाय खाली सोडून ताठ बसवावं आणि १०८ ला फोन लावावा. पेशंटचं वय ७० किंवा त्याहून जास्त असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड आधीच काढून फाइलमध्ये ठेवावं. योजनेतल्या रुग्णालयात भरती व्हावं लागलं तर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचा आधार त्यातून मिळतो.

हे सगळं एकट्या सुनेच्या किंवा लेकीच्या अंगावर पडलं तर काही महिन्यांत तीच आजारी पडते. आकडे भिंतीवर असले की सकाळचं वजन नातूही घेऊ शकतो आणि परगावचा मुलगा फोटो मागवून दवाखान्याशी बोलू शकतो. पेशंटला जमतंय तोवर आकडा त्यांनाच लिहू द्यावा. पापडावरून रोज बोलणी खाणारा माणूस पापड लपवून खातो. आपल्याच हाताने लिहिलेला, पापडानंतर चढलेला आकडा त्याला जास्त पटतो.